कूस न उजवणें हा अपराध आहे काय?

गेल्या उन्हाळ्यांत जिंतूर तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही मंडळीच्या सभेस गेलों होतों. सभा आटोपल्यावर तेथील उपदेशक आम्हांस एका बाजूस घेऊन गेले आणि म्हणाले, "आमच्या मंडळींत एक जोडपें आहे. लग्नास सहा वर्षें झालीं, पण पाळणा हालला नाहीं. मुलगी भली आहे, नवरा कष्टाळू आहे. परंतु सुनेस कायमची माहेरीं पाठवावी असा सासूनें आतां हट्ट धरला आहे. मागच्या महिन्यांत शेजारच्या घरीं बारसें झालें, तेव्हां पाळण्यास हात लावूं नको म्हणून बायांनीं तिला सर्वांदेखत मागें सारलें. ज्यांनीं मागें सारलें त्या आपल्याच मंडळींतल्या! त्या रात्रीं तिनें मला विचारलें, 'मास्तर, माझ्या हातून असा कोणता अपराध झाला?' मी तिला काय उत्तर द्यावें?"

त्या वेळीं आम्ही दोन सांत्वनाचे शब्द बोललों, पण तेवढ्यानें उपदेशकांचें समाधान झालें नाहीं आणि आमचेंही झालें नाहीं. प्रश्न एका घरचा नव्हे. परभणी जिल्ह्यांत जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत कोणत्याही गांवीं जा, तो प्रश्न तेथें आधींच जाऊन बसलेला आढळेल. म्हणून त्याचें उत्तर येथें सर्वांपुढें देण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रिय वाचकहो, विषय नाजूक आहे. तथापि लाजेनें जें झांकून ठेवितात तेंच बहुधा अधिक नासतें. यास्तव आम्ही स्पष्ट लिहूं.

प्रथम एका शब्दाचा विचार करूं. मराठींत 'दोष' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. डोळ्यांत दोष आहे असें आपण म्हणतों, तेव्हां डोळा नीट काम करीत नाहीं एवढाच त्याचा अर्थ असतो. चष्मा लावला म्हणजे काम भागतें, आणि चष्मा लावणाऱ्यास कोणी पापी म्हणत नाहीं. परंतु 'हा दोष तुझा' असें म्हणतों, तेव्हां आपण माणसाच्या वर्तनाकडे बोट दाखवितों. पहिला दोष शरीराची उणीव आहे, दुसरा अपराध आहे. मूल न होण्याच्या बाबतींत आपले लोक पहिल्या अर्थानें बोलावयास आरंभ करितात आणि नकळत दुसऱ्या अर्थावर येऊन थांबतात. 'हिच्यांत दोष आहे' येथून 'हिचा दोष आहे' येथपर्यंतचें अंतर एका अक्षराहून फार नाहीं. पण तेवढ्यांत एका बाईचा संसार मोडतो.

कोणावरही अपराध ठेवण्यापूर्वीं न्यायी मनुष्य दोन गोष्टी विचारतो. ती गोष्ट खरोखर त्याच्याच हातून झाली काय? आणि ती टाळणें त्याच्या हातीं होतें काय? या दोन प्रश्नांच्या कसोटीवर आपण वंध्यत्वाचीं कारणें एकेक घासून पाहूं.

वैद्यकशास्त्र वंध्यत्व कशास म्हणतें? पतिपत्नी एकत्र राहत असतां, कोणताही प्रतिबंध न करितां, बारा महिने नियमित संबंध येऊनही गर्भ राहिला नाहीं तर त्यास वंध्यत्व म्हणावें, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच संघटनेनें २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें जगांतील प्रौढ माणसांपैकीं शेंकडा १७.५, म्हणजे सहांमागें सुमारें एक, यांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां हा अनुभव येतो. श्रीमंत देशांत व गरीब देशांत हें प्रमाण जवळजवळ सारखेंच आहे. सहांत एक मनुष्य ज्या अडचणींत सांपडतो, ती अडचण एखाद्या घरावर पडलेला खास शाप असूं शकत नाहीं.

आतां त्या सासूबाईंच्या मनांतील चित्र पाहूं. आपले लोक म्हणतात, पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत. पीक आलें नाहीं तर शेत नापीक. परभणीचा शेतकरी हें म्हणतो याचें आम्हांस फार नवल वाटतें. कारण हाच शेतकरी मृगापूर्वीं सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवितो, सातआठ दिवसांनीं किती उगवले तें मोजतो, आणि सत्तरांहून कमी उगवले तर त्या बियाण्याचा भरंवसा धरीत नाहीं. परभणी येथें १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. तेथील माणसेंही हीच उगवण तपासणी करावयास सांगतात. काळ्या जमिनीस दोष देण्यापूर्वीं बियाणें तपासावें, हें शेतांत ज्यास कळतें त्यास घरांत कां कळूं नये? बायकोस माहेरीं घालविण्यापूर्वीं किती नवरे आपली तपासणी करून घेतात?

शिवाय तो दृष्टान्तच अर्धा आहे. स्त्री म्हणजे नुसती जमीन नव्हे. १८२७ सालीं फॉन बेअर नांवाच्या शास्त्रज्ञानें सस्तन प्राण्यांच्या मादीचें बीज प्रथम डोळ्यांनीं पाहिलें, तेव्हांपासून हें निश्चित झालें आहे कीं, आईच्या शरीरांतूनही बीज येतें आणि मूल हें दोघांच्या बीजांपासून होतें. स्त्री क्षेत्रही आहे आणि बीजाची अर्धी धनीणही आहे. तेव्हां पीक आलें नाहीं तर पाहावयाचें दोहोंकडे, हें उघड आहे. डॉक्टर लोकांचा अनुभवही असाच आहे: कांहीं जोडप्यांत अडचण स्त्रीच्या शरीरांत असते, कांहींत पुरुषाच्या, कांहींत दोघांच्या, आणि कांहींत सर्व तपासण्या होऊनही कारण सांपडत नाहीं. पुरुषाकडील अडचण ही क्वचित घडणारी गोष्ट नाहीं. सुमारें निम्म्या जोडप्यांत तिचा थोडाबहुत वांटा असतो.

आपल्या भाषेंत मात्र 'वांझ' हा शब्द रोज वापरला जातो तो बाईलाच. पुरुषासाठीं लोक 'नामर्द' हा शब्द काढतात, पण तो निराळ्या गोष्टीचा आहे. आणि येथेंच मोठा गैरसमज आहे. पुरुषाचें पौरुष आणि त्याची प्रजननशक्ति या दोन भिन्न गोष्टी आहेत. नांगर ओढणारा, कुस्ती खेळणारा, पत्नीशीं सर्व प्रकारें समर्थ असा पुरुष असूं शकतो, आणि तरीही त्याच्या वीर्यांत शुक्रजंतु अगदीं थोडे किंवा मुळींच नसतील. बाहेरून पाहून हें ओळखतां येत नाहीं. सूक्ष्मदर्शक यंत्राखालींच तें दिसतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या पुस्तिकेंत एका मिलिलिटरमागें १ कोटि ६० लक्ष शुक्रजंतु हा खालचा टप्पा धरला आहे. त्याहून कमी असले म्हणजे मूल होणारच नाहीं असें नव्हे. परंतु पुढें तपास करावा असें तें चिन्ह आहे.

पुरुषांतील कारणें कोणतीं? अंडकोशाच्या शिरा फुगणें हें एक. तें दर शंभर पुरुषांत सुमारें पंधरांना असतें, आणि ज्यांस मूल होत नाहीं त्यांच्यांत त्याहून पुष्कळ अधिक आढळतें. वयांत आल्यावर गालगुंड झाले आणि सूज खालीं उतरली तर कधीं कधीं कायमचें नुकसान होतें. लहानपणीं अंड खालीं उतरलेलें नसणें, लैंगिक रोगांनीं नलिका बंद होणें, जन्मतःच बीजांत कांहीं उणें असणें, हींही कारणें आहेत. तंबाखू व मद्य यांनीं शुक्रजंतूंची संख्या व चपळाई कमी होते. महाराष्ट्रांत २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण किती खिशांत पुड्या आहेत हें आम्ही सांगावयास नको. शहरांतल्या व्यायामशाळेंत शरीर फुगविण्यासाठीं टोचून घेतलेलीं पुरुषी संप्रेरकें तर उलट शुक्रजंतूंची उत्पत्तिच थांबवितात.

शेतकऱ्यानें एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील लॅथ्रप येथें जमिनींतील कृमि मारणारें एक औषध तयार होत असे. त्याचें नांव डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. तेथील कामगार आपसांत बोलूं लागले कीं, आपल्यापैकीं पुष्कळांस मुलें होत नाहींत, हें काय आहे? त्यांनीं लाज बाजूस ठेवून तपासणीचा आग्रह धरला. १९७७ सालीं तपासणी झाली, तेव्हां कित्येकांच्या वीर्यांत शुक्रजंतु फार थोडे किंवा मुळींच नव्हते असें आढळलें. पुढें तें औषध त्या देशांत जवळजवळ सर्वत्र बंद करण्यांत आलें. प्रत्येक कीटकनाशक असेंच असतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कापसावर उघड्या अंगानें, नाकातोंडावर कापड न बांधतां फवारणी करणें हें शहाणपणाचें नव्हे. आणि दुसरा धडा त्याहून मोठा आहे: त्या पुरुषांनीं आपल्या बायकांस दोष दिला असता, तर खरें कारण कधींच सांपडलें नसतें.

आतां स्त्रियांकडील कारणें. दरमहा बीज परिपक्व होऊन बाहेर न पडणें हें पहिलें. अंडाशयाच्या व गलग्रंथीच्या विकारांत तें घडतें आणि मासिक पाळी अनियमित होते. गर्भनलिका बंद होणें हें दुसरें. गर्भाशयांत गांठी असणें, किंवा गर्भाशयाच्या अस्तरासारखी त्वचा भलत्या ठिकाणीं वाढणें, हें तिसरें. वय हें चौथें. स्त्रीचीं सर्व बीजें तिच्या जन्माच्या वेळींच तिच्या शरीरांत असतात, त्यांत पुढें भर पडत नाहीं, आणि पस्तिशीनंतर त्यांची शक्ति लवकर उतरूं लागते.

यांपैकीं गर्भनलिका कां बंद होतात, हें नीट पाहण्यासारखें आहे. आपल्या देशांत त्याचें एक मोठें कारण क्षय होय. क्षय म्हणजे खोकला असें आपण समजतों. पण क्षयाचे जंतु रक्तांतून गर्भनलिकांत जाऊन तेथें गुपचूप राहूं शकतात. बाईस खोकला नसतो, ताप नसतो. मूल होत नाहीं हेंच कधीं कधीं त्याचें पहिलें लक्षण असतें. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें. दुसरें कारण, बाळंतपणांत किंवा गर्भपातांत अस्वच्छ हात व हत्यारें लागून झालेला संसर्ग. म्हणूनच पहिलें मूल झाल्यावर दुसरें न होणें हेंही पुष्कळ ठिकाणीं आढळतें. तिसरें कारण, नवऱ्यानें बाहेरून आणलेला रोग. या तिहींपैकीं कोणती गोष्ट त्या बाईच्या हातून झाली? कोणती टाळणें तिच्या हातीं होतें? क्षय तिनें मागितला नव्हता. दाई तिनें निवडली नव्हती. नवऱ्याचा रोग तर तिच्या विश्वासाचेंच फळ म्हणून तिच्या पदरांत पडला.

आणि ज्या दुखण्यांनीं हें सर्व घडतें, तीं वेळींच कोणी पाहत नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तिचा वृत्तांत १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. शेंकडा ९२ स्त्रियांस स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होते. पूर्वीं कधीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा ८ होत्या. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं ऊस तोडणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढून टाकलेलें आढळलें. परभणी जिल्ह्यांतूनही दरसाल कुटुंबेंच्या कुटुंबें कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. अंगावरून जाणें व पोट दुखणें हें प्रथम सोसावयाचें, दवाखान्यास जावयाचें नाहीं, आणि असह्य झाल्यावर पिशवीच काढून टाकावयाची! जो समाज स्त्रीच्या कुशीची अशी वाट लावितो, त्यास ती कूस उजवली नाहीं म्हणून तिला जाब विचारण्याचा काय अधिकार?

याहूनही एक कडू गोष्ट आम्हांस सांगितली पाहिजे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणींत परभणी जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४८ जणींचें लग्न अठरा वर्षांच्या आंत झालें असें आढळलें. पाळी सुरू झाल्यावर पहिलीं कांहीं वर्षें पुष्कळ मुलींच्या शरीरांत दरमहा बीज बाहेर पडत नाहीं. ती निसर्गाचीच व्यवस्था आहे. पंधराव्या वर्षीं जिचें लग्न झालें, तिला सतराव्या वर्षीं मूल नाहीं म्हणून आपण वांझ म्हणतों. ती वांझ नव्हे, ती मूल आहे! आणि तिला गर्भ राहिलाच, तर कोंवळ्या शरीराच्या अवघड बाळंतपणांत जो संसर्ग होतो, तो पुढें तिची कूस खरोखर बंद करतो. म्हणजे रोगही आपणच देतों आणि शिक्षाही आपणच करितों. बालविवाह हा २००६ च्या कायद्यानें दंडनीय अपराध आहे. अपराधच शोधावयाचा असेल तर तो येथें शोधावा.

आतां एक आक्षेप आम्हांस ऐकूं येतो. कोणी म्हणेल, "कांहीं कारणें तर माणसाच्या वर्तनांतून येतात. दारू, तंबाखू, बाहेरख्यालीपणा यांचें फळ मिळालें तर तो दोषच नव्हे काय?" आक्षेप खोटा नाहीं. वर्तनास परिणाम असतात हें आम्ही नाकारीत नाहीं. म्हणून तर तीं व्यसनें सोडा असें आम्ही सांगतों. परंतु तीन गोष्टी ध्यानांत घ्या. पहिली, असल्या कारणांत बहुधा पुरुष पुढें असतो आणि दोष मात्र स्त्रीस लागतो. दुसरी, व्यसन ही जोखीम वाढविणारी गोष्ट आहे, निश्चित फळ देणारी नव्हे. गांवांतील किती दारुड्यांचीं घरें मुलांनीं भरलेलीं आहेत, आणि किती सदाचारी घरें रिकामीं आहेत! तेव्हां रिकामा पाळणा पाहून कोणाच्या चारित्र्याविषयीं अनुमान काढणें हें तर्कालाही धरून नाहीं. तिसरी, समजा एखाद्याची खरोखर चूक झाली. तरी वैद्य जखम बांधण्यापूर्वीं चांगल्या चालीचा दाखला मागत नाहीं. शुक्रजंतु तयार होण्यास सुमारें सत्तर दिवस लागतात. आज ज्यानें तंबाखू सोडली, त्याच्या शरीरांत तीन महिन्यांनीं फरक दिसूं शकतो. त्याला शिव्या देऊन काय लाभ? त्याला तीन महिन्यांचा धीर द्यावा हें बरें.

अपराध आणि कारण यांची गल्लत केली म्हणजे मनुष्य कोठवर जातो, याचें भयंकर उदाहरण आमच्याच जिल्ह्यांत घडलें आहे. मानवत येथें नोव्हेंबर १९७२ पासून जानेवारी १९७४ पर्यंत लहान मुलींचे व स्त्रियांचे एकामागून एक खून झाले. मुंबईचे पोलिस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनीं तपास केला. गुप्तधन सांपडावें आणि एका निपुत्रिक स्त्रीस मूल व्हावें म्हणून कुमारिकांचें रक्त वाहण्यासाठीं हीं कृत्यें झालीं, असें फिर्यादीपक्षाचें म्हणणें होतें. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९७७ सालीं निकाल लागला; कांहीं आरोपी दोषी ठरले, कांहीं सुटले. कोणा एकाचें नांव घेण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आम्ही इतकेंच विचारतों: मूल न होणें हें शरीराचें दुखणें आहे असें त्या काळीं गांवोगांव ठाऊक असतें, तर रक्तानें कूस उजवते ही कल्पना कोणाच्या डोक्यांत शिरली असती काय? जेथें दुखण्यास शाप म्हणतात, तेथें वैद्य मागें पडतो आणि मांत्रिक पुढें येतो.

तो मांत्रिक अजून नाहींसा झालेला नाहीं. म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं कित्येक वर्षें ज्याचा पाठपुरावा केला, तो नरबळी व जादूटोणा प्रतिबंधक कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ सालीं महाराष्ट्रांत झाला. दैवी शक्तीनें मूल होईल असें आश्वासन देऊन, मूल न होणाऱ्या स्त्रीशीं संबंध ठेवणें हें त्यांत अपराध म्हणून स्पष्ट लिहिलें आहे; शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हें कलम लिहावें लागलें यावरूनच समजावें कीं, असलीं कृत्यें घडत होतीं. जी स्त्री अपराधाच्या भावनेनें खचली आहे, तीच अशा भोंदूच्या हातीं सांपडते. तिला वांझ म्हणणारे लोक तिला त्याच्या दारापर्यंत ढकलीत नेतात.

आतां उपदेशकांचा प्रश्न. आपल्या लोकांपैकीं कोणी म्हणतात, शास्त्रांतच हन्नेची कूस देवानें बंद केली असें लिहिलें आहे. मग ही शिक्षा नव्हे तर काय? आम्ही म्हणतों, तीच गोष्ट पुन्हां सावकाश वाचा. तेथें हन्नेच्या कोणत्याही पापाचा उल्लेख नाहीं. तिला टोंचून बोलणारी पनिन्ना मुलांची आई होती, पण ती गोष्टींत चांगली म्हणून दाखविलेली नाहीं. धर्मगुरु एली यानें तिला प्रार्थना करितांना पाहिलें आणि ती प्यालेली आहे असें समजला. म्हणजे धर्मगुरूचाही तर्क चुकला! आणि एलकाना, तिचा नवरा, तिला मूल नसतांनाच तिच्यावर अधिक प्रीति करीत होता. तसेंच जखऱ्या व अलीशिबा हीं दोघें नीतिमान् होतीं असें सांगून मगच त्यांस मूल नव्हतें असें सांगितलें आहे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें, तेव्हां आपल्या प्रभूनें त्या मनुष्याचेंही नव्हे व त्याच्या आईबापांचेंही नव्हे असें उत्तर दिलें. यापेक्षां स्पष्ट काय पाहिजे?

परंतु उपदेशक बंधूंस आमची दुसरीही विनंति आहे. या गोष्टींचा शेवट पुत्र होण्यांत होतो, म्हणून ऐकणाऱ्या बाईस 'विश्वास धर, तुलाही होईल' असें वचन आपण आपल्या पदरचें देऊं नये. झालें नाहीं म्हणजे ती समजेल कीं, आपला विश्वासच उणा. आणि एका अपराधाचें ओझें काढून आपण तिच्यावर दुसरें ठेवूं. प्रार्थना करा, पण दवाखान्याची वाट बंद करूं नका. आणि प्रार्थनेस शेवटची अट घालूं नका.

मग करावें काय? पहिली गोष्ट, लग्नास एक वर्ष होऊन गर्भ राहिला नाहीं तर दोघांनीं बरोबर डॉक्टरकडे जावें; स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें असेल तर सहा महिन्यांनींच जावें. 'दोघांनीं' या शब्दाखालीं आम्ही रेघ ओढतों. वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी व स्वस्त तपासणी आहे. तींत कापणें नाहीं, भूल नाहीं. तेव्हां बायकोच्या पोटाच्या तपासण्या व शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वीं नवऱ्यानें ती करून घ्यावी. त्यांत पौरुषास उणेपणा नाहीं. न करण्यांत मात्र आहे.

दुसरी, उपाय पुष्कळ आहेत. कित्येकांस गोळ्यांनीं, क्षयाच्या औषधांनीं किंवा लहान शस्त्रक्रियेनें गुण येतो. १९७८ सालीं इंग्लंडांत शरीराबाहेर गर्भ धरवून पहिलें बालक जन्मास आलें, तें गर्भनलिका बंद असलेल्या आईचेंच. त्याच वर्षीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनींही तें साधलें, पण त्यांच्या हयातींत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेविला नाहीं, आणि १९८१ सालीं त्यांनीं जीव दिला. १९८६ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून हेंच कार्य यशस्वी झालें. तथापि हा उपाय महाग आहे आणि प्रत्येक वेळीं फळतोच असें नाहीं. २०२१ च्या कायद्याप्रमाणें अशा केंद्रांची नोंदणी आवश्यक आहे; ती पाहिल्याशिवाय, आणि शेत गहाण टाकून, कोणीही त्यांत उडी घेऊं नये.

तिसरी, सर्व करूनही मूल झालें नाहीं तर? तरी लग्न अपुरें राहत नाहीं. मूल नाहीं एवढ्याच कारणानें पत्नीस सोडण्यास धर्माचा आधार नाहीं व कायद्याचाही नाहीं. आणि पहिली असतां दुसरी करणें आपल्यांत दोहोंच्याही विरुद्ध आहे. दत्तकाची वाट उघडी आहे. पूर्वीं आपल्या लोकांस पालक होतां येत असे, कायद्यानें आईबाप होतां येत नसे. बालन्याय कायद्यानें ती अडचण दूर झाली. कोणत्याही धर्माच्या मनुष्यास त्याप्रमाणें दत्तक घेतां येतें असें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१४ सालीं सांगितलें. आणि ज्यांस दत्तकही नको, त्यांस तसेंच राहूं द्यावें. संतति हें देणें आहे, माणसाची किंमत नव्हे.

चौथी गोष्ट मंडळीनें करावयाची आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. नव्या सुनेस 'पाळणा केव्हां हालणार' असें विचारणें सोडावें. बारशास सर्व बायांस बोलवावें, आणि ज्या बाईस मूल नाहीं तिच्या हातीं बालक प्रथम द्यावें. तिच्या हातानें बालकाचें कांहीं बिघडणार नाहीं. पण तिला मागें सारल्यानें बालकाच्या घराचें पुष्कळ बिघडतें.

आतां जिंतूरकडील आमच्या उपदेशक बंधूंनीं त्या बाईस असें सांगावें: "बाई, कारण कोणतें तें डॉक्टर पाहतील, आणि तें दोघांत पाहतील. अपराध मात्र तुझा नाहीं." नंतर त्यांनीं तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवावा आणि जिल्ह्याच्या गाडीचें तिकीट दोघांचें काढावयास सांगावें. आणि परत येतांना सासूबाईंच्या दारीं क्षणभर बसून त्यांसही नम्रपणें विचारावें कीं, "आई, बियाणें न पाहतां शेत विकणारा शेतकरी आपण कधीं पाहिला आहे काय?"